पाण्याचं विरजण

पांढरकवड्याला ताईच्या घरी पोचलो तेव्हा भाचा फाटकाशी नव्हता. एरवी मामा येणार म्हटलं की तो रस्त्यापर्यंत धावत येतो. त्या दिवशी तो आतल्या खोलीत काचेच्या टाकीसमोर मांडी घालून बसला होता. टाकी दोन फूट लांब, एक फूट रुंद, एक फूट उंच. दहा दिवसांपूर्वी नागपूरहून आणलेली. तळाला बारीक खडी, कोपऱ्यात बुडबुडे सोडणारा स्पंजचा फिल्टर. सात गप्पी मासे आणले होते. चार त्या सकाळी मेले होते. उरलेले तीन पाण्याच्या अगदी वरच्या थराला तोंड लावून धापा टाकत होते.

"मामा, पानी तं काचेवानी साफ होतं," तो म्हणाला. "मंग काहून मेले?"

सातवीतल्या मुलाच्या या प्रश्नाचं पूर्ण उत्तर द्यायला आम्हा दोघांना महिना लागला. त्या महिन्यात मला कळलं की हा प्रश्न फक्त माशांचा नाही. केळापूर तालुक्यात तो पिढ्यान् पिढ्या विचारला गेला आहे. पाणी तर स्वच्छ होतं, मग हे असं का झालं?

स्वच्छ पाण्याचा तालुका

तालुक्याचं नाव केळापूर, कारभार मात्र पांढरकवड्यातून चालतो. नागपूरहून हैदराबादकडे जाणाऱ्या महामार्गावर केळापूरची जगदंबा आहे, नवरात्रात तिथे गर्दी होते. जवळून खुनी नदी वाहते आणि पुढे पैनगंगेला मिळते. जमिनीखाली बहुतेक ठिकाणी काळा बसाल्ट, पण या दक्षिणेकडच्या पट्ट्यात त्याहून कितीतरी जुना चुनखडक आणि शेलही आहे. भूगर्भशास्त्रात हा खडकांचा गट पैनगंगेच्याच नावाने ओळखला जातो. पाऊस या दगडांतून झिरपत खाली जातो आणि जाताना दगडाचा गुण घेऊन जातो. उन्हाळ्याच्या शेवटी कुठल्याही घरचा कूलर उघडून पाहा. जाळीवर, पंपावर, गवताच्या पॅडवर पांढरा कडक थर बसलेला असतो. पाणी उडून गेलं, दगड मागे राहिला.

क्षार निदान दिसतात तरी. फ्लोराइड दिसत नाही. त्याला रंग नाही, वास नाही, चव नाही. पिण्याच्या पाण्याच्या भारतीय मानकाप्रमाणे लिटरला 1 मिलिग्रॅमपर्यंत फ्लोराइड ठीक, दुसरा स्रोत नसेल तर फार तर 1.5. त्याहून जास्त पाणी वर्षानुवर्षं पोटात गेलं की आधी मुलांच्या दातांवर पिवळे-तपकिरी डाग येतात, मग मोठ्यांचे सांधे आखडतात, पाठ वाकते. पांढरकवडा परिसराच्या भूजलातल्या फ्लोराइडवर 2007 मध्ये 'करंट सायन्स' या शास्त्रीय नियतकालिकात स्वतंत्र लेख आला होता. नितळ पाण्याने माणसांची हाडं धरली, आणि डोळ्यांना त्याचा पत्ता लागला नाही.

म्हणून ताईच्या घरी प्यायला बोअरचं पाणी घेत नाहीत. वीस लिटरचे आरओचे कॅन विकत येतात. भाच्याने टाकीत अडीच कॅन ओतले होते.

"आपुन जे पानी पेतो, थेच देल्लं त्याइले," तो म्हणाला.

घरातलं सगळ्यात महाग, सगळ्यात शुद्ध पाणी त्याने माशांना दिलं होतं. त्याच्या मायेत काहीही कमी नव्हतं, म्हणूनच त्याला खरं कारण सांगणं गरजेचं होतं.

एक ग्रॅम खाद्य

मी आधी बरणी पाहिली. माशांचं खाद्य निम्म्यावर आलं होतं. भूक लागली असेल म्हणून तो दिवसातून चार-पाच वेळा चिमूट टाकायचा. मासे जेवढं खायचे त्याहून जास्त खडीत जाऊन बसायचं.

इथे थोडा हिशेब करू. माशांच्या खाद्यात साधारण 40 टक्के प्रथिनं असतात आणि प्रथिनांचा सुमारे सोळा टक्के भाग नत्र असतो. म्हणजे एक ग्रॅम खाद्यात 64 मिलिग्रॅम नत्र. मासा ते खाऊन कल्ल्यांवाटे बाहेर टाको, की ते खडीत पडून कुजो, बराचसा नत्र शेवटी अमोनिया होऊन पाण्यातच येतो. टाकीत पाणी पन्नास लिटर. एक ग्रॅम खाद्याने लिटरमागे एक मिलिग्रॅमहून जास्त अमोनिया तयार होऊ शकतो. तळ्यात हाच अमोनिया हजारो लिटरांत विरून जातो, गाळ आणि वनस्पती तो वापरतात. काचेच्या चौकटीत त्याला जायला वाट नसते.

भाच्याचे वडील कपाशी करतात. ते दाराशी उभे राहून ऐकत होते. "म्हणजे युरिया जास्त पडला म्हना," ते म्हणाले.

याहून नेमकं कुणी सांगू शकलं नसतं. युरिया जमिनीत पडला की आधी त्याचा अमोनिया होतो. मग मातीतले जिवाणू त्याचं नायट्राइट करतात, दुसरे जिवाणू नायट्राइटचं नायट्रेट करतात आणि कपाशी मुख्यतः ते नायट्रेट उचलते. कच्चं शेण थेट पिकाच्या मुळाशी घातलं तर पीक जळतं. तेच शेण उकिरड्यात कुजलं की खत होतं. फरक शेणात नाही, मधे काम करून गेलेल्या जिवांत आहे. नव्या टाकीत ते जीवच नसतात. नवी काच, धुतलेली खडी, नवा स्पंज, आरओचं पाणी: सगळं इतकं चोख की अमोनिया पचवणारं तिथे कुणीच नाही. मासे पाळणारे याला 'न्यू टँक सिंड्रोम' म्हणतात. मला भाच्याच्या वडिलांचे शब्द जास्त पटले.

निम्मं पाणी बदललं आणि

पण एका गोष्टीचा उलगडा होत नव्हता. आठ दिवस मासे सुस्त होते, तरी जिवंत होते. मग एका रात्रीत चार कसे गेले?

ताईने सांगितलं. आदल्या संध्याकाळी पाणी धुरकट दिसलं, थोडा वास आला. म्हणून तिने निम्मं पाणी काढलं. त्या दिवशी कॅन आला नव्हता, म्हणून बोअरचं पाणी भरलं. ते गाळूनही घेतलं होतं. सकाळी पाणी खरंच काचेसारखं दिसत होतं.

माझ्याकडे थेंबांची तपासणी पेटी होती. नळीत पाणी घेतलं, थेंब टाकले. पिवळा रंग राहिला असता तर अमोनिया नाही असं ठरलं असतं. रंग गडद हिरवा झाला. लिटरला 4 मिलिग्रॅम. मग पीएच पाहिला. माती परीक्षणाच्या कागदावर ज्याला सामू लिहितात, तोच. आकडा आला 8. कॅनमध्ये उरलेल्या आरओच्या पाण्याचा सामू पाहिला, तो 6 च्या आसपास होता.

उत्तर या दोन आकड्यांत होतं. पाण्यातला अमोनिया दोन रूपांत राहतो. एक विषारी, माशाच्या कल्ल्यांतून सहज आत शिरणारा. दुसरा त्याचा भारित भाऊ, अमोनियम, पुष्कळ निरुपद्रवी. किती कोणत्या रूपात राहील हे सामू आणि तापमान ठरवतं. पाणी 28 अंशांवर आणि सामू 6 असेल तर एकूण अमोनियाचा हजारावा भागसुद्धा विषारी रूपात नसतो. सामू 8 झाला की शंभरातले सहा-साडेसहा भाग विषारी होतात. म्हणजे जवळपास नव्वद पट. ताईने निम्मं पाणी काढलं तेव्हा अमोनिया निम्मा झाला, पण बोअरच्या पाण्याने सामू वर नेला आणि उरलेल्या निम्म्याचं विष जागं केलं. हिशेबाने ते आधीच्या चाळीसपट तरी झालं. त्यावर एका तासात क्षार आणि सामू बदलल्याचा धक्का वेगळा. पाणी डोळ्यांना सुधारलं आणि माशांसाठी बिघडलं.

ताई गप्प झाली. मी तिला म्हटलं, यात तुझी चूक नाही, पाणी स्वच्छ दिसत होतं. ती म्हणाली, "आपल्या बोअरचंही पाणी स्वच्छच दिसते ना."

आणि आरओचं पाणी तरी बरोबर होतं का? तेही नव्हतं. आरओ फ्लोराइड काढतो, त्याबरोबर बायकार्बोनेटही काढतो. हा खाण्याच्या सोड्याचा भाऊबंद. पाण्यात आम्ल तयार झालं की तो ते झेलतो आणि सामू घसरू देत नाही. अमोनिया पचवणारे जिवाणू काम करताना आम्ल सोडतात. एक मिलिग्रॅम नत्र बदलायला त्यांना चुनखडीच्या हिशेबात सुमारे सात मिलिग्रॅम क्षार खर्ची पडतात. आरओच्या पाण्यात झेलणाराच नसल्यामुळे सामू घसरत जातो, आणि तो 6 च्या खाली गेला की जिवाणू जवळजवळ थंडावतात. अशा टाकीत या जिवाणूंचं विरजण लागतच नाही. पिणाऱ्याला जे पाणी उत्तम, ते माशाला अपुरं.

ज्यांनी हे शोधलं

काचेतलं पाणी जिवंत ठेवण्याची खटपट जुनी आहे. लंडनमध्ये रॉबर्ट वॉरिंग्टन नावाच्या रसायनतज्ज्ञाने 1850 मध्ये काचेच्या भांड्यात गोल्डफिश, व्हॅलिस्नेरियाची पाणवनस्पती आणि तळ्यातल्या गोगलगायी एकत्र ठेवून तोल साधता येतो हे दाखवलं. वनस्पती प्राणवायू देत, गोगलगायी कुजलेली पानं खात. व्हॅलिस्नेरिया आपल्याकडच्या तळ्या-नद्यांतही उगवते. 1853 मध्ये लंडनच्या प्राणिसंग्रहालयाने लोकांसाठी मत्स्यघर उघडलं. आपल्याकडे मुंबईच्या मरीन ड्राइव्हवरचं तारापोरवाला मत्स्यालय 1951 मध्ये राष्ट्रपती राजेंद्रप्रसाद यांच्या हस्ते सुरू झालं.

वॉरिंग्टनला एक गोष्ट मात्र दिसणं शक्य नव्हतं. अमोनियाचं नायट्राइट आणि नायट्रेट करणारे जिवाणू सर्गेई विनोग्राडस्की या रशियन शास्त्रज्ञाने 1890 च्या सुमारास मातीतून वेगळे केले. शेतीसाठी लागलेला शोध पुढे माशांच्या कामी आला. टाकीत नायट्राइट कोण पचवतं याचं पुस्तकी उत्तर बरीच वर्षं नायट्रोबॅक्टर असं होतं. 1998 मध्ये गोड्या पाण्याच्या टाक्यांची तपासणी झाली तेव्हा ते काम नायट्रोस्पायरा गटाचे जिवाणू करत असल्याचं आढळलं. 2015 मध्ये त्याच गटातले काही जिवाणू अमोनियापासून नायट्रेटपर्यंतचं सगळं काम एकटेच करतात हे सिद्ध झालं. म्हणजे ताईच्या खोलीतल्या पन्नास लिटर पाण्यात काय चालतं हे जगालाही आत्ता आत्ता नीट कळतंय.

या जिवाणूंचा एकच दोष म्हणता येईल: ते सावकाश वाढतात. अन्न नासवणारे जिवाणू वीस मिनिटांत दुप्पट होऊ शकतात. यांना अर्धा दिवस, कधी अख्खा दिवस लागतो. म्हणून नवी टाकी तयार व्हायला चार ते सहा आठवडे जातात. ही सबुरी पैशाने विकत मिळत नाही. पण ती थोडी कमी करता येते, आणि कशी ते आपल्या प्रत्येक स्वयंपाकघराला माहीत आहे.

विरजण

उरलेले तीन गप्पी आम्ही मोठ्या टबात हलवले. अर्धं बोअरचं, अर्धं आरओचं पाणी, खाद्य दोन दिवसांतून एकदा, रोज तिसरा हिस्सा पाणी बदलायचं. त्यातला एक तिसऱ्या दिवशी गेला, दोघं तगले.

टाकी रिकामी करून पुन्हा भरली, तेच अर्धं-अर्धं पाणी. सामू 7.8 आला. मग यवतमाळच्या एका मित्राकडून, ज्याची टाकी चार वर्षांची आहे, त्याच्या फिल्टरमधला स्पंजचा मूठभर तुकडा आणला. तपकिरी, ओशट, पाहणाऱ्याला घाण वाटावा असा. स्टीलच्या डब्यात त्याच टाकीचं पाणी घेऊन त्यात बुडवून आणला, कारण वाळला की त्यातले जीव मरतात. आणि मित्राचे मासे निरोगी आहेत याची आधी खात्री करून घेतली. विरजणाबरोबर रोगही येऊ शकतो.

भाचा तो तुकडा पाहून म्हणाला, "हे तं कचरा हाय, मामा."

ताई म्हणाली, "दह्याची कवडीच ती. दुधात टाकतो तशी."

त्याला तेवढं पुरलं. तुकडा नव्या फिल्टरशेजारी बांधला. टाकीत मासे नव्हते, तरी जिवाणूंना अन्न हवं म्हणून रोज चिमूटभर खाद्य टाकायचं ठरलं. त्याने एक वही केली. रकाने आखले: तारीख, तापमान, सामू, अमोनिया, नायट्राइट, नायट्रेट. रोज संध्याकाळी फोनवर आकडे यायचे.

चौथ्या दिवशी अमोनिया 1. नवव्या दिवशी 3. तो काळजीत पडला. बाराव्या दिवशी नायट्राइटच्या नळीत पहिल्यांदा जांभळी छटा आली आणि मला फोनवर त्याचा आनंद ऐकू आला, कारण पहिल्या टोळीने काम सुरू केल्याची ती खूण होती. एकोणिसाव्या दिवशी अमोनिया शून्य, नायट्राइट मात्र गडद जांभळं. "आता टाकू मासे?" नाही. नायट्राइट माशाच्या रक्तात शिरून ते तपकिरी करतं. मग रक्त प्राणवायू वाहू शकत नाही आणि पाण्यात प्राणवायू भरपूर असूनही मासा गुदमरतो. थांब अजून.

सत्ताविसाव्या दिवशी दोन्ही नळ्या कोऱ्या. नायट्रेट 40. म्हणजे खत तयार झालं होतं. अर्धं पाणी काढलं, तसंच अर्ध्या-अर्ध्याचं ताजं पाणी भरलं आणि टबातले दोन गप्पी टाकीत सोडले. त्यांच्या भांड्यात टाकीचं पाणी थोडं थोडं घालत तासभर घालवला. मत्स्यबीजाच्या पिशव्या आल्या की आधी पिशवी तळ्यात तरंगू देतात, मग हळूहळू पाणी आत घेतात, तेच कारण. नवं शेततळं झाल्यावर चुना आणि शेणखत टाकून पाणी हिरवट होईपर्यंत थांबणारा शेतकरी हे शास्त्र करतच असतो. घरातल्या टाकीसाठी तेवढंच थांबायचं आपल्याला सुचत नाही.

उन्हाळा, वीज आणि टीसीएल

विरजण लागलं म्हणजे काम संपलं नाही, ते जपावं लागतं. या भागात तीन गोष्टी त्याच्या मुळावर येतात.

पहिली क्लोरीन. नळाच्या पाण्यात रोगजंतू मरावेत म्हणून क्लोरीन असतं, आणि ग्रामपंचायतीच्या विहिरीत जलसुरक्षक क्लोरीन देणारी टीसीएल पावडर टाकतो. नळाच्या टोकाला लिटरमागे किमान 0.2 मिलिग्रॅम मोकळं क्लोरीन असावं असं मानक सांगतं. माणसासाठी ते संरक्षण आहे, माशाच्या कल्ल्यांसाठी आणि टाकीतल्या जिवाणूंसाठी घातक. पाणी पसरट भांड्यात चोवीस तास उघडं ठेवावं किंवा अँटी-क्लोरीन म्हणून मिळणारे हायपोचे थेंब वापरावेत. फिल्टरचा स्पंज नळाखाली कधीच धुऊ नये. टाकीतून काढलेल्या पाण्यातच तो हलका पिळावा. नळाखाली चकचकीत धुतला की महिन्याची मेहनत मोरीत जाते.

दुसरी उष्णता. 20 अंशांच्या गोड्या पाण्यात लिटरला सुमारे 9 मिलिग्रॅम प्राणवायू मावतो, 30 अंशांना साडेसात, 35 ला सात. पारा पंचेचाळिशीला टेकला की खोलीतली टाकीही तापते. पाणी तापलं की माशाला प्राणवायू जास्त लागतो आणि पाण्यात तो कमी असतो. वर विषारी अमोनियाचा हिस्साही वाढतो. उपाय माठाचाच आहे: बाष्पीभवन. झाकण काढून जाळी ठेवायची आणि टेबलफॅनचा वारा पाण्यावरून जाऊ द्यायचा. मात्र उडून जातं ते फक्त पाणी, क्षार टाकीतच साठतात. म्हणून ही घट भरायला आरओचं पाणी योग्य, आठवड्याच्या बदलाला मिश्र पाणी.

तिसरी वीज. पंप थांबला की स्पंजमधल्या जिवाणूंना प्राणवायू मिळत नाही, आणि काही तासांत ते मरू लागतात. बॅटरीवर चालणारा लहान हवापंप उन्हाळ्याच्या आत घरात असावा. तो नसेल तर वाटीने पाणी उचलून उंचावरून परत टाकत राहायचं. भाच्याने एका रात्री तसं केलं, आणि त्या वेळी माशांना खाद्य अजिबात दिलं नाही. खाद्य न देणं हीच अशा वेळची सगळ्यात मोठी मदत.

बाकी नियम साधे आहेत. एवढ्या टाकीत सुरुवातीला पाच-सहा गप्पी पुरे; त्यांना आपलं जड पाणी मानवतंही. आरोग्य विभागही डासांच्या अळ्या खाण्यासाठी तेच साचलेल्या पाण्यात सोडतो. खाद्य दोन मिनिटांत संपेल एवढंच. आठवड्याला पाचवा ते चौथा हिस्सा पाणी बदलायचं, एकदम सगळं कधीच नाही. आणि मासे नकोसे झाले तर खुनी नदीत किंवा तलावात सोडायचे नाहीत. खुनी पैनगंगेला मिळते, पैनगंगा वर्धेला, वर्धा प्राणहितेतून गोदावरीला. टाकीतून सुटलेला सकरसारखा मासा महाराष्ट्रातल्या नद्या-धरणांत आधीच पसरला आहे आणि मासेमारांच्या जाळ्यांत तो येतो. दुकानाला किंवा दुसऱ्या पाळणाऱ्याला मासे परत द्यावेत.

आणखी एक रकाना

पोळ्याच्या सुटीत मी पुन्हा गेलो तेव्हा टाकीत दोनाचे अकरा गप्पी झाले होते. पाणी पूर्वीपेक्षा किंचित पिवळसर दिसत होतं, काचेवर एका कोपऱ्यात हिरवं शेवाळ होतं. पहिल्या दिवशीच्या चकचकीत टाकीपेक्षा ती कमी देखणी होती आणि निरोगी होती. काढलेलं पाणी ताई अंगणातल्या वांग्यांना घालते. त्यातलं नायट्रेट वांगी घेतात.

भाच्याने वही दाखवली. शेवटच्या पानावर त्याने एक नवा रकाना आखला होता, अजून कोरा. वर लिहिलं होतं: बोअर, फ्लोराइड.

"मामा, माशाचं पानी आपुन रोज मोजतो," तो म्हणाला. "आपल्या बोअरचं कोनी मोजलं का?"

जलजीवन मिशनमध्ये गावोगावच्या महिलांना पाणी तपासायच्या पेट्या आणि प्रशिक्षण देण्याची सोय आहे. त्या पेटीने फ्लोराइड, नायट्रेट, सामू, क्लोरीन तपासता येतं. कॅन घरी येऊ लागल्यापासून ताईच्या गल्लीत बोअरच्या पाण्याची चौकशी थांबली होती. ज्यांना कॅन परवडत नाही ती घरं मात्र तेच पाणी पीत होती.

दुसऱ्या दिवशी सकाळी त्याने स्वच्छ बाटली बोअरच्या पाण्याने दोनदा विसळली, तिसऱ्यांदा भरली, झाकण घट्ट केलं आणि चिठ्ठीवर तारीख लिहून चिकटवली. पाणी नितळ होतं. त्याने ते उजेडासमोर धरलंसुद्धा नाही. बाटली पिशवीत ठेवली आणि म्हणाला, "चाल मामा, तपासून आनू."